एका दिवसाची गाडी

ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे आरएम सदबीजच्या लिलावात एक फेरारी ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. २५० जीटीओ, चासी क्रमांक ३४१३. जाहीर लिलावात कुठल्याही मोटारगाडीला तोवर मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत, म्हणून बातमी जगभर गेली. पण तिची प्रतिकृती घडवायला बसलेल्या माणसाची अडचण निराळी असते. १९६२ मध्ये ही गाडी बाहेर पडली ती जीटीओच्या पहिल्या धाटणीची बॉडी घेऊन, आणि त्याच रूपात तिने त्या वर्षी इटलीचं राष्ट्रीय जीटी अजिंक्यपद मिळवून दिलं. १९६४ मध्ये स्कालिएत्तीच्या कारखान्यात ती बॉडी उतरवून नव्या धाटणीची चढवली गेली. लिलावात उभी होती ती ही दुसरी गाडी. चासी तीच, कागदपत्रं तीच, रूप वेगळं. मग ३४१३ चं मॉडेल करायचं म्हणजे नेमकं कशाचं करायचं? याचं उत्तर देताना निर्मात्याला आधी तारीख ठरवावी लागते, कारण शर्यतीची गाडी ही वस्तू म्हणून स्थिर नसतेच. दोन शर्यतींमध्ये नाकाड बदलतं, हवा आत घेणारी भोकं बुजवली जातात किंवा नवी कापली जातात, क्रमांक पुसून दुसरा रंगवला जातो, अपघातात चेपलेला पत्रा ठोकून सरळ होतो. मॉडेल यांतलं एकच रूप धरू शकतं.

या पुस्तकामागचा, आणि या प्रस्तावनेचाही, मुद्दा हाच आहे. बारकाव्यांनी भरलेलं डायकास्ट मॉडेल हे ‘अमुक एका गाडीचं’ मॉडेल नसतं. ते त्या गाडीच्या एका दिवसाविषयी कुणीतरी केलेलं विधान असतं, आणि विधान म्हटलं की ते तपासता येतं, खोडता येतं, त्यातलं काय गाळलं हे विचारता येतं. संग्राहकाने मॉडेलकडे असं पाहावं, मालमत्ता किंवा शोभेची वस्तू म्हणून पाहणं दुय्यम समजावं, असं लेखकाचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. ते का पटतं हे सांगण्याआधी, या प्रांतात नव्याने येणाऱ्या वाचकाला त्याचा नकाशा हवा.

जस्तात थोडं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं मिसळलं की झामॅक नावाचा मिश्रधातू होतो. चारशे अंशांच्या आसपास तो वितळवून पोलादी साच्यात मोठ्या दाबाने घुसवतात आणि क्षणभरात घट्ट झालेला सुटा भाग बाहेर काढतात. हेच डायकास्टिंग. साचा घडवायला खूप पैसा लागतो, पण एकदा तो घडला की त्यातून हजारो नग निघतात. म्हणजे ज्या गाडीला हजारो गिऱ्हाइकं मिळतील तिचाच साचा बनणार. कुठल्या गाड्या कपाटात येतात आणि कुठल्या कधीच येत नाहीत, याचं निम्मं कारण इतिहासात नाही, या हिशेबात आहे. दुसरी गोष्ट प्रमाणाची. १:१८ म्हणजे खऱ्या गाडीचा अठरावा भाग; सव्वाचार-साडेचार मीटरची गाडी चोवीस-पंचवीस सेंटिमीटरची होते. १:४३ मध्ये तीच तळहातावर मावते. हा ४३ चा विचित्र आकडा खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आला. ब्रिटनमध्ये ओ गेजच्या आगगाड्या एका फुटाला सात मिलिमीटर या हिशेबाने बनत, आणि लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३३-३४ च्या सुमारास ज्या छोट्या धातूच्या गाड्या आणल्या त्या मुळात तिच्याच हॉर्नबी आगगाड्यांच्या मांडणीत शेजारी उभ्या करायला होत्या. या गाड्यांना १९३४ मध्ये डिंकी टॉइज हे नाव मिळालं.

खेळण्यांच्या या पहिल्या घराण्यात शर्यतीच्या गाड्या सुरुवातीपासून होत्या. १९३० च्या दशकातच डिंकीने मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाड्या काढल्या होत्या. त्या वेळी त्या ‘क्लासिक’ नव्हत्या, वर्तमानपत्रातल्या ताज्या बातम्या होत्या. जुन्या गाडीची प्रतिकृती जुनी म्हणूनच विकावी ही कल्पना नंतरची. ती लोकप्रिय केली मॅचबॉक्स बनवणाऱ्या लेस्नी कंपनीने, १९५६ मध्ये सुरू केलेल्या ‘मॉडेल्स ऑफ यस्टरइयर’ या मालिकेने. त्यात १९०८ ची ग्रां प्री मर्सिडीज होती, ल मांची १९२९ ची बेंटली होती, बुगाटीची टाइप ३५ होती. या गाड्या घेणाऱ्यांत मुलांइतकेच त्यांचे बापही होते. त्याच वर्षी आलेल्या कॉर्गीने खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक लावलं, फ्रान्सच्या सोलिदोने १९५७ पासूनच्या आपल्या मालिकेत चाकांना स्प्रिंग दिले, आणि १९६८ मध्ये मॅटेलच्या हॉट व्हील्सने सगळा बाजारच उलथवला: गाडी हुबेहूब असण्यापेक्षा ती उतारावरून किती वेगात सुटते याला मोल आलं. डिंकीचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. त्याआधीच, साठच्या दशकाच्या अखेरीस, डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याला आले होते आणि ‘निकी’ या नावाने त्यांतून गाड्या ओतल्या जाऊ लागल्या होत्या. आयातबंदीच्या काळात परदेशी गाडीचं धातूचं खेळणं भारतीय घरांत पोचलं त्याचा हा एक मार्ग. रंग जाड, ओतकाम ओबडधोबड. पण आज युरोपातले संग्राहक त्या ‘निकी’ गाड्या मुद्दाम शोधत असतात.

खेळण्यांचं घराणं वेगाकडे आणि स्वस्ताईकडे वळलं तेव्हा अचूकपणाची हौस असलेली माणसं दुसरीकडे गेली. सत्तरच्या दशकात इंग्लंड, फ्रान्स आणि इटलीत हौशी कारागिरांनी शिसं-कथलाच्या मऊ मिश्रधातूत आणि पुढे रेझिनमध्ये १:४३ चे सुटे भाग ओतून, ते जोडायचे संच विकायला सुरुवात केली. रबराच्या साच्याला खर्च नगण्य, त्यामुळे शंभर-दोनशे गिऱ्हाइकं मिळाली तरी पुरे. यामुळे प्रथमच एक विशिष्ट गाडी, विशिष्ट शर्यतीतली, विशिष्ट क्रमांकाची, बाजारात येऊ शकली. फ्रान्समधले आंद्रे-मारी रूफ आणि इटलीतले बीबीआर, तामेओ ही या वळणाची मोठी नावं. मला स्वतःला हे घराणं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि त्याला मिळायला हवं तितकं श्रेय मिळत नाही. तारीख, क्रमांक आणि चासी या तिन्हींची सांगड घालून गाडी ओळखायची सवय संग्राहकांना यांनी लावली. नंतरच्या मोठ्या कंपन्यांनी ती उचलली आणि आपलीच म्हणून मिरवली.

पुढचं घराणं जर्मन डोक्याचं आणि चिनी हातांचं. मिलानजवळच्या बुरागोच्या कंपनीने १:१८ च्या स्वस्त गाड्या विकून एवढ्या मोठ्या आकाराला घराघरात गिऱ्हाईक आहे हे दाखवून दिलं होतंच. आखेनमध्ये १९९० साली सुरू झालेल्या मिनिचॅम्प्सने धातूच्या तयार मॉडेलमध्ये कारागिरांच्या संचाइतका तपशील आणला आणि फॉर्म्युला वनचा हंगामच्या हंगाम, शेवटच्या क्रमांकाच्या संघासकट, १:४३ मध्ये उभा केला. अमेरिकेतली एक्झोटो, हाँगकाँगकडची ऑटोआर्ट, आणि स्टुटगार्टजवळच्या फेलबाखमध्ये १९९५ पासून काम करणारी सीएमसी यांनी १:१८ ला आजचं रूप दिलं. सीएमसीच्या मॉडेलमध्ये हजाराहून अधिक सुटे भाग असतात, ते चीनमधल्या कारखान्यात हाताने जोडलेले. चाकांतले आरे खरोखर एकेक ओवलेले, बॉनेटचे पट्टे चामड्याचे, इंजिनाच्या नळ्या धातूच्या. याच्या पलीकडे दोन वाटा फुटतात. एक, स्पार्कसारख्यांची: रेझिनची, काहीही न उघडणारी, पण बाहेरून अत्यंत अचूक गाडी, कमी नगांत, भराभर. दुसरी, ब्रिस्टलच्या अमाल्गमची: १:८ आकार, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्याच आराखड्यांवरून काम, आणि खऱ्या मोटारगाडीची आठवण करून देणारी किंमत.

हजार भागांचा आकडा जाहिरातीत ठळक छापला जातो आणि नवखा संग्राहक त्याने दिपतो. त्याने थोडं थांबावं. भागांची संख्या कारागिरी सांगते. सच्चेपणा सांगत नाही. साधा हिशेब पाहा. जीटीओचा ॲल्युमिनियमचा पत्रा एक मिलिमीटरचा धरला तर १:१८ मध्ये तो ०.०६ मिलिमीटरहूनही पातळ व्हायला हवा. झामॅकमध्ये इतकी पातळ भिंत ओतताच येत नाही. मॉडेलची भिंत एक मिलिमीटरची असली तरी खऱ्या गाडीच्या मानाने तो जवळजवळ दोन सेंटिमीटरचा पत्रा झाला, म्हणजे चिलखत. दार उघडलं की ही जाडी दिसते. म्हणून कडा आतून तासतात, बिजागऱ्या लपवतात. रंगाचंही तसंच. खऱ्या गाडीवरचा चंदेरी रंग जशाच्या तसा लहान मॉडेलवर मारला तर त्यातली चमकी खड्यांसारखी दिसते, कारण चमकी अठरा पटींनी लहान झालेली नसते. म्हणजे ‘खऱ्याची तंतोतंत लहान प्रत’ ही गोष्ट मुळातच अशक्य आहे. जे आपल्याला अचूक वाटतं ते शेकडो तडजोडींचं फळ असतं, आणि प्रत्येक तडजोडीमागे कुणाचा तरी निर्णय असतो.

इथेच एक रास्त आक्षेप येतो. शर्यतींचे हजारो फोटो आहेत, चित्रफिती आहेत, स्टुटगार्ट आणि मोडेनाच्या संग्रहालयांत गाड्या उभ्या आहेत. असं असताना तडजोडींनी भरलेल्या धातूच्या तुकड्यातून इतिहास वाचायचा कशाला? आक्षेपात तथ्य आहे. मॉडेल हा पुरावा नाहीच, तो पुराव्यावर बेतलेला निष्कर्ष आहे. पण नेमका म्हणूनच तो उपयोगी पडतो. फोटोग्राफर गाडीच्या ज्या बाजूला उभा होता तेवढीच बाजू फोटोत असते, दुसरीबद्दल तो गप्प राहू शकतो. इतिहासकार ‘याविषयी मतभेद आहेत’ असं लिहून पुढच्या परिच्छेदाकडे वळू शकतो. मॉडेल करणाऱ्याला ही सवलत नाही. आसनाचं कापड निळं की काळं, धुरांडं उजवीकडून की डावीकडून, क्रमांकाच्या गोलाची कड किती जाड, या प्रत्येक प्रश्नाला त्याला धातूत आणि रंगात उत्तर द्यावंच लागतं. अर्धवट माहितीवर पूर्ण वस्तू उभी करणं भाग पडल्यामुळे, माहितीत कुठे भोकं आहेत हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही.

मर्सिडीजच्या डब्ल्यू २५ चं उदाहरण घ्या. जून १९३४ मध्ये न्यूरबर्गरिंगवरच्या आयफेल शर्यतीच्या आदल्या रात्री गाडी ७५० किलोच्या मर्यादेहून एक किलो जड भरली, म्हणून तिचा पांढरा रंग खरवडून काढला, खालचा धातू उघडा पडला आणि ‘सिल्व्हर ॲरो’ जन्माला आले, ही गोष्ट संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी नंतर सांगितली आणि तेव्हापासून ती अगणित वेळा छापली गेली आहे. अभ्यासकांनी तिच्यावर गंभीर शंका घेतल्या आहेत. मुख्य शंका अशी की ती विशिष्ट शर्यत वजनाच्या नियमाखाली घेतलीच गेली नव्हती, तर खरवडायची गरज काय? मर्सिडीजचे चालक फॉन ब्राउखिच यांनी ती शर्यत जिंकली यावर दुमत नाही. लेख लिहिणारा दोन्ही बाजू मांडून सुटतो. डब्ल्यू २५ चं मॉडेल काढणाऱ्याला रंगाचा डबा उघडण्याआधी बाजू घ्यावी लागते. आणि खरवडलेलाच रंग दाखवायचा असेल तर तो नितळ चंदेरी कसा असेल, खुणा कुठे आहेत, असाही प्रश्न त्याला कुणी विचारू शकतो. कपाटातल्या गुळगुळीत चंदेरी गाडीने या वादात नकळत भाग घेतलेला असतो.

तिने आणखी एका गोष्टीत भाग घेतलेला असतो, आणि ती गोष्ट गुळगुळीत नाही. मर्सिडीज आणि ऑटो युनियन या दोन्ही संघांना हिटलरच्या सरकारचा पैसा होता, आणि त्यांच्या गाड्यांवर त्या काळात स्वस्तिकाचं राजचिन्ह होतं. आजच्या मॉडेलवर ते नसतं. नाझी चिन्हांच्या वापरावर जर्मनीच्या दंडसंहितेतच बंदी आहे, आणि कुठल्याही निर्मात्याला ते चिन्ह छापून विकायची इच्छा असण्याचं कारणही नाही. ही बंदी योग्य आहे असंच मी म्हणेन. पण परिणाम काय झाला तेही नोंदवायला हवं: रिव्हेट मोजून लावणाऱ्या निर्मात्याने गाडीवरची सगळ्यांत अर्थपूर्ण खूण गाळली, आणि तिच्या जागी चंदेरी रंग तसाच पुढे ओढला. १९३६ चा युरोपीय विजेता बेर्न्ट रोझमायर ज्या सोळा सिलिंडरच्या ऑटो युनियनमध्ये बसत असे ती आपल्यापर्यंत निव्वळ यंत्रकौशल्याचा चमत्कार म्हणून पोचते. चिन्ह परत आणावं असं या पुस्तकात कुणी म्हटलेलं नाही; ते गाळलंय हे मॉडेलशेजारच्या चिठ्ठीवर लिहावं, इतकीच मागणी आहे.

गाळण्याचा दुसरा प्रकार कमी भीषण, पण जास्त सार्वत्रिक आहे. १९६८ मध्ये लोटस संघाने गोल्ड लीफ सिगारेटचे रंग लावले आणि फॉर्म्युला वनमधली देशांच्या रंगांची परंपरा (इटलीचा लाल, ब्रिटनचा हिरवा, फ्रान्सचा निळा) मावळू लागली. पुढची तीसेक वर्षं शर्यतीचा पैसा मोठ्या प्रमाणावर तंबाखूचा होता. तंबाखूच्या जाहिरातींवर बंधनं आली तशी मॉडेलवरची अक्षरंही गेली. १९८८ च्या हंगामात सोळापैकी पंधरा शर्यती जिंकणारी मॅकलारेन एमपी ४/४ अनेकदा कोऱ्या पांढऱ्या-लाल पट्ट्यांनिशी डब्यातून निघते, आणि संग्राहक वेगळी मिळणारी अक्षरं पाण्यात भिजवून स्वतः चिकटवतात. खेळण्यांच्या दुकानात सिगारेटचं नाव नको हे मान्य. पण त्या पट्ट्यांचा अर्थच ती अक्षरं होती. इथे संग्राहक निर्मात्याची संहिता दुरुस्त करतो. हौस म्हणून का होईना, पण त्याचं काम संपादकाचंच असतं.

आता मूळ गाडीकडे पुन्हा पाहू, कारण ‘संग्रहालयात खरी गाडी आहे ना’ हा युक्तिवाद वाटतो तितका भक्कम नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑटो युनियनचं झ्विकाउ सोव्हिएत ताब्यात गेलं आणि तिच्या गाड्या तपासणीसाठी रशियाला नेण्यात आल्या. बहुतेक नाहीशा झाल्या. पुढे काहींचे सांगाडे आणि सुटे भाग तिथून बाहेर काढून इंग्लंडमध्ये नव्याने उभे केले गेले, आणि काही तर आराखडे व फोटोंवरून पूर्णपणे नव्या बांधल्या आहेत. मासेराती २५० एफ ही १९५७ मध्ये न्यूरबर्गरिंगवर फांजिओ यांनी अजरामर केलेली गाडी. कॅमेरॉन मिलर नावाच्या संग्राहकाने कारखान्याकडून सुटे भाग विकत घेऊन नंतरच्या काळात तिच्या आणखी काही गाड्या जुळवल्या, आणि त्या आज जुन्या गाड्यांच्या शर्यतींत धावतात. त्या खोट्या आहेत का? तसं म्हणणं अवघड आहे. पण मूळ आणि प्रत यांच्यामध्ये आपण जी पक्की रेघ समजतो ती १:१ च्या आकारातही पुसट आहे. अशा वेळी, १९५७ च्या फोटोंवरून चिकाटीने केलेलं १:१८ मॉडेल, काही बाबतींत तरी, तीनदा रंग बदललेल्या आणि आजच्या सुरक्षा नियमांसाठी पिंजरा बसवलेल्या खऱ्या गाडीपेक्षा त्या दिवसाच्या जवळ असू शकतं. हे विधान थोडं धाडसी आहे याची जाणीव ठेवूनच करतो आहे.

एका दिवसाचा हट्ट धरला की मात्र तो पुरता धरावा लागतो. १ मे १९५५ रोजी स्टर्लिंग मॉस आणि डेनिस जेन्किन्सन यांनी ७२२ क्रमांकाच्या मर्सिडीज ३०० एसएलआरमधून मिल्ले मिल्या जिंकली: सुमारे १,६०० किलोमीटर, दहा तास सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद, सरासरी ताशी १५७ किलोमीटर. क्रमांक ७२२, कारण गाडी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली. जेन्किन्सन यांनी वळणांच्या नोंदी कागदाच्या गुंडाळीवर लिहून आणल्या होत्या आणि ते हाताच्या खुणांनी मॉस यांना पुढचं वळण सांगत होते. या गाडीची मॉडेलं उदंड आहेत आणि जवळजवळ सगळी स्वच्छ, म्हणजे ७ वाजून २१ मिनिटांची. ज्या गाडीने शर्यत जिंकली ती रोममध्ये तेल, धूळ आणि किड्यांनी माखून थांबलेली नव्हती, असं भासवणारी. शर्यतीनंतरची गाडी दाखवायचं धाडस मोजके निर्माते करतात. संग्राहकांतही त्यावरून दोन तट आहेत, आणि चकचकीतपणाच्या बाजूचा तट मोठा आहे.

त्याच ३०० एसएलआर जातीची २० क्रमांकाची गाडी सहा आठवड्यांनी, ११ जून रोजी, ल मांमध्ये प्रेक्षकांत उडाली. चालक पिएर लव्हेग आणि ८० हून अधिक प्रेक्षक मेले. त्या क्रमांकाची गाडी कपाटात ठेवावी का? काही संग्राहक ठेवत नाहीत, आणि त्यांचा निर्णय समजण्यासारखा आहे. पण न ठेवल्याने ७२२ ची गोष्ट अधिक गोड होते, खरी होत नाही. वेग, हलका मॅग्नेशियम मिश्रधातू, प्रेक्षक आणि रस्ता यांच्यात नावालाच असलेला मातीचा बांध: मे महिन्यातल्या विजयाला आणि जूनमधल्या संहाराला कारणीभूत झालेलं जग एकच होतं. मृत्यू दाखवणारं मॉडेल नको, हे मी मान्य करतो. दोन गाड्या शेजारी असाव्यात, सुटण्याच्या क्षणीच्या, असं मला वाटतं.

उरला श्रीमंती हौसेचा आक्षेप. तो सरळ मान्य करायला हवा. चांगल्या १:१८ मॉडेलला कित्येकशे युरो पडतात. भारतात त्यावर आयात शुल्क चढतं: खेळण्यांवरचं हे शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर गेलं, आणि सीमाशुल्काच्या वर्गवारीत खेळणी आणि प्रमाणबद्ध मॉडेलं एकाच रकान्यात येतात. डब्यावर ‘१४ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असं छापलेलं असलं तरी कर मात्र बाहुलीच्याच रांगेतला. मुंबई-पुण्यातला संग्राहक त्यामुळे युरोपातल्यापेक्षा बरंच जास्त मोजतो. पण संग्रह आणि पैसा यांचं नातं एवढं सरळ नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या इटलीच्या ब्रुमने साध्या १:४३ मध्ये काढलेल्या जुन्या शर्यतींच्या गाड्या स्वस्त आहेत, आणि एका चांगल्या प्रश्नाभोवती जमवलेल्या पंधरा ब्रुम गाड्या, निव्वळ महाग म्हणून घेतलेल्या पाच सीएमसींपेक्षा जास्त बोलतात. ल मांचे सगळे विजेते क्रमाने लावणारा संग्राहक मला नेहमी थोडा कंटाळवाणा वाटतो. विजेत्यांची यादी कुठल्याही पुस्तकात मिळते. त्याच शर्यतीत एका वर्षी धावलेल्या आणि बंद पडलेल्या गाड्या जमवणाऱ्याकडून शिकण्यासारखं जास्त असतं. गाडी का थांबली, हे त्याला शोधावं लागलेलं असतं.

हे सगळं आत्ता लिहून ठेवायची निकड आहे. पन्नास-साठच्या दशकांत त्या गाड्या चालवलेली, दुरुस्त केलेली माणसं संपत आली. स्टर्लिंग मॉस २०२० मध्ये गेले. निर्मात्यांना आसनाच्या कापडाचा रंग विचारायला आता माणूस मिळत नाही. फोटो तेवढे उरतात, आणि त्यांतले बरेच कृष्णधवल. दुसरीकडे परवान्यांचं राजकारण वाढतंय. फेरारीचा परवाना १९९९ पासून सुमारे पंधरा वर्षं मॅटेलकडे होता, आणि त्या काळात अनेक निर्मात्यांच्या यादीत फेरारी दिसतच नाही. शर्यतींचा इतिहास त्या यादीवरून शिकणाऱ्या मुलाला वाटावं की लाल गाड्या नव्हत्याच. आणि वस्तूही मरतात. युद्धपूर्व डिंकी गाड्यांच्या जस्तात शिशाची भेसळ राहून गेली होती. आतून गंज धरून त्या फुगतात, भेगाळतात आणि बोट लावताच भुगा होतात. त्याला इलाज नाही. आजचा झामॅक बराच शुद्ध असला तरी कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत रंगाला फोड येतात, पोलादी आरे गंजतात, चामड्याच्या पट्ट्यांना बुरशी धरते, आणि टायरमधला तेलकट अंश झिरपून खालचा प्लास्टिकचा तळ खातो. बंद काचेचं कपाट, सिलिका जेलच्या पुड्या आणि टायर जमिनीला न टेकतील असा खालचा आधार, यांवर युरोपीय मार्गदर्शिका फारसं लिहीत नाहीत. या पुस्तकाने ते लिहिलं आहे, इथल्या हवेसाठी.

पुस्तकाचा मुख्य उद्देश मात्र जतन नाही आणि खरेदीही नाही. किमतींची कोष्टकं इथे नाहीत. ती दर सहा महिन्यांनी शिळी होतात, आणि ज्याला हवी त्याला सहज मिळतात. लेखकाने निवडक गाड्या घेऊन प्रत्येकीचा एक दिवस निश्चित केला आहे, त्या दिवसाचे फोटो आणि मॉडेल एकमेकांसमोर ठेवले आहेत, आणि मग एकेक फरक मोजला आहे: हा आरसा तेव्हा नव्हता, हे भोक नंतरचं, हा रंग एकाच संग्रहालयाच्या पुनर्रचनेवरून घेतलेला. काही ठिकाणी निर्माता चुकला आहे. काही ठिकाणी, हे अधिक रंजक, निर्माता बरोबर निघतो आणि आजवर प्रमाण मानलेलं पुस्तक चुकतं. निवड अर्थात एकांगी आहे. युरोपीय ग्रां प्री आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींवर भर आहे. अमेरिकेच्या इंडियानापोलिसला एकच प्रकरण मिळालं आहे, मोटारसायकलींना जागाच नाही, आणि गाडीभोवती धावणाऱ्या मेकॅनिकांची नावं, जी मॉडेलच्या डब्यावर कधीच नसतात, ती इथेही थोड्याच जागी सापडली आहेत. वाचकाने वाचताना स्वतःकडचं एखादं मॉडेल, असेल तर, शेजारी घ्यावं. नसेल तर एखाद्या शर्यतीचा चांगला फोटो चालेल. पहिलं प्रकरण १९३४ चं आहे, आणि त्यातला पहिला वाद रंगाचा.